टेबल बेच्या काठावरची बाजारपेठ : केपटाउनचे व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट

बुधवार

मी माझगावात वाढलो. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण मधे गोदीची भिंत होती आणि तिच्यापलीकडचे जग आम्हाला फक्त क्रेनच्या टोकांवरून कळत असे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे पुढे काय करायचे, ही चर्चा अनेक वर्षे कानावर पडत आली आहे आणि त्या चर्चेत जुन्या बंदराचा कायापालट कसा करावा याचे उदाहरण म्हणून केपटाउनचे नाव वारंवार घेतले जाते. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचा प्रवास ठरला, तेव्हा इतर पर्यटक जितका वेळ अभयारण्याला देतात तितका वेळ मी या वॉटरफ्रंटसाठी राखून ठेवला. पत्नीनेही त्याला मोकळ्या मनाने संमती दिली.

मुंबईहून थेट विमान नसल्याने आदिस अबाबामार्गे दुपारी पोहोचलो आणि सामान टाकून संध्याकाळी ग्रीन पॉइंटच्या मुक्कामावरून चालतच बंदराकडे निघालो. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा. साडेसात वाजून गेले तरी उजेड होता. रस्ता जिथे संपतो तिथे एकदम दोन गोष्टी समोर येतात. पुढे पाण्याने भरलेली गोदी आणि मागे वळून पाहिले तर 1,086 मीटर उंचीचा, माथा सपाट असलेला टेबल माउंटन. त्या दिवशी आग्नेयेचा वारा सुटलेला होता. हा वारा समुद्रावरची ओली हवा डोंगरावर चढवतो, माथ्यावर तिचे ढग होतात आणि पलीकडच्या कड्यावरून खाली उतरताना ते विरून जातात. पांढरा थर सतत ओघळत असतो, पण पायथ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. हे पाहत आम्ही बराच वेळ उभे होतो. थंडी अंगात शिरू लागली, तेव्हा उन्हाळ्यातही इथले लोक जाकीट का बाळगतात ते समजले.

ही गोदी का बांधली गेली ते समजून घेतल्याखेरीज तिच्यावरची बाजारपेठ नीट कळत नाही. टेबल बेचा उपसागर वायव्येकडून येणाऱ्या हिवाळी वादळांना पूर्ण उघडा आहे. 1858 च्या हिवाळ्यातील एका वादळात इथे तीसहून अधिक जहाजे फुटली आणि हिवाळ्यात या उपसागरात थांबणाऱ्या जहाजांचा विमा उतरवायला लंडनची लॉइड्स संस्था राजी होईना. जहाजे थांबली नाहीत तर केप वसाहतीचा व्यापारच बुडणार होता. शेवटी लाटा अडवणारा बांध घालण्याचे ठरले आणि 17 सप्टेंबर 1860 रोजी राणी व्हिक्टोरियाचा सोळा वर्षांचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याने दगडांची पहिली गाडी समुद्रात रिती केली. पुढचे काम मात्र कैद्यांनी केले. त्यांच्यासाठी शेजारीच तुरुंग होता, दगडही जवळच फोडले जात, आणि दगड काढून जो खड्डा झाला त्यातूनच आतली गोदी घडत गेली. आल्फ्रेड बेसिन 1870 मध्ये खुले झाले. बाहेरचे, मोठे व्हिक्टोरिया बेसिन त्यानंतरचे. म्हणजे वॉटरफ्रंटच्या नावात आई आणि मुलगा आहेत, पण दगड वाहणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव या परिसराला लाभलेले नाही.

गुरुवार

आजचा सगळा दिवस मॉलसाठी होता. त्याचे नाव व्हिक्टोरिया व्हार्फ. 1988 मध्ये गोदीच्या पुनर्विकासासाठी कंपनी स्थापन झाली आणि 1992 मध्ये हा मॉल उघडला. दक्षिण आफ्रिकेतील पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यानंतर दोन वर्षांनी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे ही इमारत किती अनिश्चित काळात उभी राहिली ते ध्यानात येते. आज एकूण वॉटरफ्रंटची जमीन 123 हेक्टर भरते. मालकी 2011 पासून निम्मी निम्मी आहे : अर्धा वाटा ग्रोथपॉइंट या मालमत्ता कंपनीचा आणि अर्धा सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा. शाळेतील शिक्षक आणि रुग्णालयातील परिचारिका यांच्या म्हातारपणाची पुंजी या दुकानांच्या भाड्यात गुंतलेली आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली.

आपल्याकडचे मॉल बहुधा बाहेरच्या जगाकडे पाठ करून बसलेले असतात. आत शिरले की दिवस आहे की रात्र हे कळत नाही. व्हिक्टोरिया व्हार्फमध्ये तसे होत नाही. इमारत धक्क्याला समांतर, लांबट आणि उंचीने बेताची आहे. छताला जागोजागी काच असल्याने ऊन थेट फरशीवर पडते आणि मधल्या मार्गिका अधूनमधून दारांपाशी येऊन थांबतात. एका दारातून बोटी दिसतात, दुसऱ्यातून डोंगर. वरच्या मजल्यावर एका खिडकीजवळच्या बाकावर आम्ही टेकलो, तेव्हा खाली धक्क्याला लागलेल्या मासेमारी नौकेवर दोघे जण जाळे पसरून फाटलेले घर शिवत होते. एकाच्या हातात जाडजूड सुई होती आणि दुसरा पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून जाळे ताणून धरत होता. आमच्या मागे चपलांचे दुकान होते आणि त्यातली गिऱ्हाइके मधूनच खिडकीशी येऊन तेच पाहत होती. या जागेबद्दल मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या खिडकीत होते : इथे बंदर हटवून बाजार आणलेला नाही, बंदर चालू ठेवून त्याच्या कडेने बाजाराला जागा दिलेली आहे.

परदेशी उंची दुकाने इथे आहेत, पण ती दुबईतही दिसतात आणि लंडनलाही. आम्ही रेंगाळलो ते किराणा मालाच्या दालनांत. पिक अँड पे आणि वूलवर्थ्स या दोन्ही दुकानसाखळ्या मूळच्या याच शहरातल्या. वूलवर्थ्सचे पहिले दुकान 1931 मध्ये केपटाउनमध्ये निघाले, त्याच नावाच्या ब्रिटिश किंवा अमेरिकी दुकानांचा त्याच्याशी संबंध नाही. पिक अँड पेची सुरुवात 1967 च्या सुमारास चार छोट्या दुकानांपासून झाली. फळ्यांवर रुइबॉस चहाचे असंख्य प्रकार होते. हे झुडूप केपटाउनच्या उत्तरेला सेडरबर्ग डोंगराच्या परिसरातच उगवते. इतरत्र लावण्याचे प्रयत्न फारसे साधलेले नाहीत. त्यात कॅफिन नसल्याने पत्नीने आईसाठी दोन मोठी पाकिटे घेतली. वाळवलेल्या मांसाचे बिल्टाँग, खारवलेला स्नूक मासा, जर्दाळूची चटणी आणि त्यांच्याच शेजारी हळद, धनेपूड, करी पानांच्या पुड्या आणि कैरीच्या लोणच्याच्या बरण्या. किमतीत 15 टक्के मूल्यवर्धित कर धरलेलाच असतो, त्यामुळे फळीवरची किंमत आणि पावतीवरची रक्कम यांत फरक पडत नाही.

मसाल्यांच्या फळीपाशी माल लावणाऱ्या एका बाईंशी बोलणे झाले. त्यांचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यासाठी करारावर डर्बनला उतरले होते. करारबद्ध हिंदी मजुरांचे पहिले जहाज, ट्रूरो, मद्रासहून डर्बनला पोहोचले ते 16 नोव्हेंबर 1860 रोजी, म्हणजे राजपुत्राने इथे दगड टाकला त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी. बाई राहतात मिचेल्स प्लेनमध्ये, इथून तीसेक किलोमीटरवर. सकाळची पाळी असली तर पाच वाजता घर सोडावे लागते, मिनीबस टॅक्सी बदलावी लागते. वर्णभेदाच्या राजवटीने 1966 मध्ये बंदराजवळची डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली आणि पुढील वर्षांत सुमारे साठ हजार लोकांना तिथून उठवून शहराबाहेरच्या रेताड माळावर नेऊन टाकले. मिचेल्स प्लेन ही त्या धोरणातून वसवलेली वसाहत आहे. कायदा गेला तरी अंतर तेवढेच राहिले आहे. वॉटरफ्रंटचे कौतुक मी या लेखात करणार आहे आणि ते मनापासूनचे आहे, पण इथे काम करणाऱ्या माणसांना या किनाऱ्याच्या जवळपास घर परवडत नाही, ही त्याच्यातली उणीव आहे आणि ती दुकाने वाढवून भरून निघणारी नाही.

दुपारी बाराला सिग्नल हिलवरून तोफ झाली आणि फूड मार्केटमधले अर्धे लोक दचकले, उरलेल्यांनी घड्याळ पाहिले. 1806 पासून हा रिवाज चालू आहे. जहाजांवरची घड्याळे या तोफेवर लावली जात. अजूनही रविवार आणि सुटीचे दिवस सोडून ती रोज उडते. फूड मार्केट गोदीच्या जुन्या वीजघरात भरते. आम्ही समोसे आणि किसलेल्या खोबऱ्यात घोळवलेले केप मलय कोसिस्टर खाल्ले. त्यात सुंठ, वेलची आणि बडीशेपेचा वास असतो. डच काळात पूर्वेकडच्या बेटांवरून आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या स्वयंपाकातून हा पदार्थ आलेला आहे.

शुक्रवार

सकाळी नोबेल चौक पाहिला. शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे दक्षिण आफ्रिकी मानकरी, म्हणजे 1960 चे अल्बर्ट लुथुली, 1984 चे डेस्मंड टुटू आणि 1993 चे एफ. डब्ल्यू. द क्लार्क व नेल्सन मंडेला यांचे पुतळे एका ओळीत उभे आहेत. बुटके, रुंद घडवलेले हे पुतळे डोंगराला पाठ देऊन आहेत आणि त्यांच्यात उभे राहून फोटो काढणाऱ्यांची रांग असते.

तिथून आम्ही रॉबिन्सन सुक्या गोदीवर गेलो आणि दुपारपर्यंत तिथेच थांबलो. बहुतेक पर्यटक शेजारच्या हॉटेलाकडे जाताना तिच्याकडे एक नजर टाकून पुढे जातात, पण माझ्या मते संपूर्ण वॉटरफ्रंटमध्ये पाहण्यासारखी हीच पहिली जागा आहे. ही गोदी 1882 ची, आणि आजही चालू. दगडी पायऱ्यापायऱ्यांनी खाली निमुळती होत गेलेली ती एक लांबट विहीरच म्हणावी. जहाज पाण्यासकट आत घेतात, तोंडाशी तरंगते दार आणून ते बुडवून बसवतात आणि मग पंपांनी पाणी उपसतात. पाणी उतरू लागले की जहाज तळाशी मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर हळूहळू टेकते, आणि ते कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना टेकू देतात. आम्ही गेलो तेव्हा एक ट्रॉलर आत उभा होता. त्याचा पोटाचा भाग, जो एरवी कोणाला दिसत नाही, पूर्ण उघडा होता. वरच्या अर्ध्या भागाला गंज आणि खालच्या अर्ध्याला शेवाळ व शिंपल्यांचा जाड थर. चार माणसे लांब दांड्याच्या खरवडण्यांनी तो थर काढत होती आणि निघालेले तुकडे ओल्या फरशीवर पडल्याचा आवाज वर कठड्यापर्यंत येत होता. सुकाणूपुढच्या पंख्याचे एक पाते वाकलेले होते. पाचवा माणूस त्या पात्यावर खडूने खुणा करत होता, थोडे मागे सरून पाहत होता आणि पुन्हा एक खूण पुसून नवी करत होता. कठड्यावर शाळेची मुले होती, आईस्क्रीम खाणारे जोडपे होते आणि आम्ही होतो. कोणी कोणाला हटकले नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या येतील तिथे जाळी लावलेली होती, एवढीच आडकाठी. आपल्या मुंबईत ससून डॉक 1875 पासून आहे आणि इतरही जुन्या गोद्या आहेत, पण जहाजदुरुस्ती कशी होते हे मुंबईच्या मुलाला रस्त्यावरून कधी दिसत नाही. सुरक्षेची कारणे खरी आहेत, तरीही एक कठडा आणि एक जाळी यांनी इथे जे साधले आहे ते तिथे अशक्य आहे असे मला वाटत नाही.

पुढे आल्फ्रेड बेसिनच्या तोंडाशी लाल रंगाचा, अष्टकोनी घड्याळमनोरा आहे. 1882 मध्ये तो बंदराच्या कप्तानाचे कार्यालय म्हणून बांधला. तळाशी भरती-ओहोटी मोजण्याचे यंत्र होते आणि वरच्या खोलीत आरसे बसवलेले होते, म्हणजे कप्तानाला एका जागी बसून सगळ्या गोदीवर लक्ष ठेवता येई. मनोऱ्यापाशीचा पादचारी पूल बाजूला फिरतो. बोट आली की घंटा वाजते, फाटक लागते आणि दोन्ही काठांवर खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसे तिष्ठत उभी राहतात. इथे जलमार्गाचा हक्क आधी आणि पायवाटेचा नंतर. जवळच्या तरंगत्या फळ्यांवर केप फर सील एकमेकांच्या अंगावर पसरलेले असतात. माशांच्या खोक्यांच्या प्लास्टिक पट्ट्या आणि तुटके जाळे त्यांच्या गळ्यात अडकते आणि प्राणी वाढेल तसे रुतत जाते. 1995 मध्ये सुरू झालेल्या टू ओशन्स मत्स्यालयाची माणसे त्या पट्ट्या कापून त्यांना सोडवतात.

धान्याची जुनी कोठारे 1924 ची. सत्तावन्न मीटर उंचीची ही इमारत एके काळी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सर्वांत उंच होती. रेल्वेने आलेला मका तिच्यात साठवून जहाजांत भरला जाई. 2001 मध्ये वापर थांबला. मग वास्तुरचनाकार थॉमस हेदरविक यांनी आतल्या 42 काँक्रीट नळ्यांमध्ये एक प्रचंड पोकळी कोरून काढली आणि तिचा आकार मक्याच्या एका दाण्यावरून घेतला. सप्टेंबर 2017 मध्ये तिथे झाइट्स मोका हे समकालीन आफ्रिकी कलेचे संग्रहालय सुरू झाले. कापलेल्या नळ्यांच्या कडा हाताळता येतात. काँक्रीटमधली खडी तासून गुळगुळीत केलेली आहे आणि तिच्या छेदात प्रत्येक गोटा वेगळा दिसतो.

शनिवार

रॉबेन बेटाची तिकिटे आधीच काढून ठेवावी लागतात आणि वारा वाढला तर फेरी रद्द होते. आम्हाला सकाळची मिळाली. बोट सुटते ती घड्याळमनोऱ्याजवळच्या नेल्सन मंडेला गेटवेपासून, म्हणजे दुकानांच्या रांगेतूनच. जवळच जेटी क्रमांक 1 आहे. राजकीय कैद्यांना बेड्या घालून इथूनच नेत आणि भेटीला आलेले नातेवाईकही इथेच ताटकळत बसत. बेटावर माहिती देणारे स्वतः तिथे शिक्षा भोगलेले होते. मंडेलांनी सत्तावीस वर्षांच्या कारावासातली अठरा इथे काढली. चुनखडीच्या खाणीत परावर्तित उन्हाने अनेकांची दृष्टी अधू झाली. खाणीच्या तोंडाशी दगडांची एक रास आहे. 1995 मध्ये जुने कैदी पुन्हा जमले तेव्हा एकेकाने एकेक दगड ठेवून ती केली. परतताना बोटीतून शहर समोर येते. डोंगर, मग इमारती, मग मॉलची छपरे. बेटावरच्या माणसांना हाच किनारा दिसत असे.

बोटीतून उतरल्यावर मी पत्नीला व्हिक्टोरिया बेसिनच्या दगडी धक्क्यावर घेऊन गेलो. 22 ऑक्टोबर 1912 रोजी 'सॅक्सन' जहाजातून गोपाळ कृष्ण गोखले केपटाउनला उतरले. आजचा डंकन डॉक तेव्हा नव्हता. इंग्लंडची डाकजहाजे याच जुन्या गोदीत लागत. स्वागताला गांधीजी आले होते. नेटालला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे असा ठराव गोखल्यांनी 1910 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला होता आणि पुढच्याच वर्षी ती भरती थांबली. आता ते करारमुक्त हिंदींवरच्या तीन पौंडांच्या कराविरुद्ध बोलायला आले होते. मधुमेहाने प्रकृती पोखरलेली असताना त्यांनी महिनाभर हा देश पालथा घातला. कर रद्द होईल असे त्यांना सांगण्यात आले, तो शब्द पाळला गेला नाही, 1913 चा मोठा संप झाला आणि 1914 मध्ये कर गेला. त्याच वर्षी 18 जुलैला गांधीजींनी कस्तुरबांसह केपटाउनहूनच जहाज पकडून दक्षिण आफ्रिका कायमची सोडली. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला मंडेलांचा जन्म झाला. मसाल्यांच्या फळीपाशी भेटलेल्या बाईंच्या पूर्वजांसाठी झगडायला एक मराठी माणूस या धक्क्यावर उतरला होता, याची खूण मला धक्क्यावर कुठे आढळली नाही. वॉटरफ्रंटच्या व्यवस्थापनाने अनेक ठिकाणी इतिहासाच्या सुरेख पाट्या लावल्या आहेत. त्यांत ही एक जरूर असावी. तशी विनंती करणारे पत्र मी तिथल्या माहिती कक्षात देऊन आलो.

रविवार

सकाळी ग्रेंजर बे इथला शेतमालाचा बाजार केला : अंजिरे, द्राक्षे, पाव आणि मध. मग वॉटरशेडमध्ये गेलो. जहाजदुरुस्तीच्या जुन्या शेडमध्ये दीडशेच्या आसपास स्थानिक कारागीर आणि छोटे विक्रेते आपला माल मांडतात आणि तुलनेने माफक पैशांत मणी, मातीची भांडी, विणलेल्या तारेच्या टोपल्या मिळतात. सूनबाईसाठी एक टोपली घेतली. ती विकणाऱ्या तरुणाने टेलिफोनच्या रंगीत तारा कशा सोलून ओवायच्या ते ओळीओळीने करून दाखवले.

दुपारी गावात जाऊन सिटी हॉल पाहिला. 1905 च्या या इमारतीत गोखल्यांच्या स्वागताची सभा झाली आणि तिच्याच सज्जातून 11 फेब्रुवारी 1990 रोजी, सुटकेच्या दिवशी, मंडेलांनी लोकांना उद्देशून भाषण केले. वॉटरफ्रंटपासून इथपर्यंत मायसिटीची निळी बस येते. तिचे कार्ड घ्यावे, रोख चालत नाही. पुढे जाणाऱ्यांनी बेटाचे तिकीट घरूनच काढावे, जाकीट जवळ ठेवावे, आणि सुक्या गोदीला आठवड्याच्या कामाच्या दिवशी जावे, कारण रविवारी परतताना आम्ही तिथे पुन्हा डोकावलो तेव्हा ट्रॉलर तसाच होता, खरवडण्याचे काम मात्र बंद होते.